जळगावहून गाडीने नेपाळ: आधी मुक्काम ठरवा, मग रस्ता

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्याकडे बऱ्याच घरांत "यंदा नेपाळ करून येऊ" हा विषय निघतो. पशुपतिनाथ, लुंबिनी, पोखरा, आणि नानांना झेपलं तर मुक्तिनाथ. घरची सात आसनांची गाडी असते, चालवणारे दोघं असतात. व्हिसा लागत नाही, तिकडच्या पाट्या देवनागरीत आहेत आणि गाडीही आपल्यासारखीच डावीकडून चालते. त्यामुळे हा परदेश वाटतच नाही. गाडीची सर्व्हिसिंग होते, फराळाचे डबे भरले जातात आणि रात्रीच्या मुक्कामांचं "बघू पुढं" एवढ्यावर भागवलं जातं. माझ्या मते अख्ख्या प्रवासात सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट हीच आहे.

हे मी कळकळीने सांगतो, कारण आपल्या जिल्ह्याने याची झळ सोसली आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली यात्रेकरूंची बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. त्यात २७ जणांचा जीव गेला आणि त्यातले बहुतेक वरणगाव-भुसावळ भागातले होते. तो अपघात कशाने झाला हे मी सांगू शकत नाही. पण आपली गाडी त्याच रस्त्याने जाणार आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी, अशा त्या रस्त्यावर दमलेल्या डोळ्यांनी, अंधारात किंवा पावसात असायचं नाही. खालचं सगळं नियोजन त्यासाठीच आहे.

१. महिना आधी, तारखा नंतर

जून ते सप्टेंबर जाऊ नका. पावसाळ्यात काठमांडूच्या वाटेवरच्या नारायणगढ ते मुग्लिंग या पट्ट्यात दरडी कोसळतात. जुलै २०२४ मध्ये तिथेच सिमलताल इथं दोन बस दरडीबरोबर त्रिशूली नदीत ओढल्या गेल्या होत्या. पावसाळ्यात रस्ता तासन्‌तास बंद राहतो, कधी रात्रीची वाहतूकच थांबवतात, आणि आखलेला मुक्काम गाठता येत नाही.

आपला दसरा म्हणजे तिकडचा दशैं, त्यांचा सगळ्यात मोठा सण. अख्खा देश गावाकडे निघालेला असतो, खानावळी बंद असतात. आपल्या दिवाळीत त्यांचं तिहार असतं. म्हणून दिवाळीचं लक्ष्मीपूजन घरी करून, भाऊबीज उरकून निघणं उत्तम. पुढचे तीन-चार आठवडे आकाश स्वच्छ असतं. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तर प्रदेशात धुकं धरतं. गोरखपूरच्या पट्ट्यात सकाळी दहापर्यंत समोरचा ट्रक दिसत नाही असे दिवस असतात. मे महिन्याच्या सुट्टीतही लोक जातात, पण नेपाळच्या तराईतलं, म्हणजे सीमेलगतच्या सपाटीतलं ऊन आपल्या भुसावळच्या उन्हापेक्षा फारसं सौम्य नसतं.

२. दिवस तासांत मोजा, किलोमीटरमध्ये नाही

मुक्काम चुकतात ते इथेच. आपण महामार्गावर तासाला ७० धरून हिशेब करतो आणि तोच हिशेब सीमेपलीकडे नेतो. काठमांडू ते पोखरा अंतर साधारण २०० किलोमीटर, म्हणजे जळगाव-अमरावतीपेक्षा कमी. पण रुंदीकरणाची कामं, ट्रक आणि वळणं धरता अख्खा दिवस जातो.

मी धरतो तो हिशेब असा: भारतातल्या चौपदरी रस्त्यावर म्हातारी माणसं आणि मुलं सोबत असतील तर दिवसाला ४०० ते ४५० किलोमीटर. नेपाळच्या सपाटीवर १५०-१६०. डोंगरात १००, फार तर १२०. मोबाईलचा नकाशा डोंगरात जेवढा वेळ दाखवेल त्यात दर तासामागे वीस मिनिटं वाढवा.

गाडी थांबायची वेळ आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत या. नोव्हेंबरच्या शेवटी काठमांडूत सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे दुपारी चारला गाडी हॉटेलच्या आवारात लागलेली हवी. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं, तेही धरून चाला. चारला पोचायचं, वाटेत जेवण आणि दोन थांबे मिळून दोन तास जाणार, आणि निघणार आठला, कारण सात माणसांची आंघोळ-चहा त्याआधी होत नाही. राहिले सहा तास. त्या सहा तासांत बसेल तेवढाच टप्पा घ्या. मागच्या सीटवरून आजी "आते कितलं दूर शे?" असं दुसऱ्यांदा विचारायला लागल्या की टप्पा लांब झालाय असं समजा.

३. सीमेपर्यंतचे मुक्काम

जळगाव-भुसावळकडच्यांना नागपूरवरून जाणं सोयीचं. पहिला मुक्काम नागपूर, सुमारे ४२० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पेंचच्या जंगलातून सिवनी, जबलपूर, कटनी करत मैहर. शारदामातेचं दर्शन होतं, वर जायला रोपवे आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांचीही सोय होते. तिसरा मुक्काम रीवा-मिर्झापूरवरून वाराणसी. चौथा गोरखपूर. हा टप्पा दोनशे किलोमीटरच्या आसपासचा आहे आणि तो मुद्दाम छोटा ठेवायचा. का, ते पुढच्या टप्प्यात येईल.

धुळे, शिरपूर, नंदुरबारकडच्यांनी आग्रा रोड धरावा. सेंधव्याजवळचा बिजासन घाट दिवसा उजेडी ओलांडा, कारण उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे अपघात तिथं होत आले आहेत. इंदूरला अडकून न पडता ब्यावरा गाठता आलं तर चांगलं, नाहीतर देवासला थांबा. मग झाशी. झाशी शहरात राहण्यापेक्षा जवळच ओरछाला राहा: शांत गाव, रामराजाचं मंदिर, गाडी लावायला मोकळी जागा. तिथून लखनौवरून अयोध्या, आणि मग गोरखपूर.

वाराणसीत किंवा अयोध्येत धर्मशाळा घेणार असाल तर एक गोष्ट फोनवर विचाराच: मोठी गाडी दारापर्यंत येते का. वाराणसीत घाटाजवळच्या खोल्या स्वस्त आणि छान असतात, पण गाडी एक-दीड किलोमीटर दूर लावावी लागते आणि बॅगा डोक्यावरून गल्लीतून न्याव्या लागतात. एका रात्रीसाठी कँटोन्मेंट भाग किंवा सारनाथ बरं पडतं.

४. सीमेच्या अलीकडे झोपा, सकाळी ओलांडा

गोरखपूरहून सीमेवरचं सोनौली शंभरएक किलोमीटर. "आजच पलीकडे जाऊन झोपू" हा मोह टाळा. सीमेवर किती वेळ जाईल हे आपल्या हातात नसतं. संध्याकाळी कागद अडकला तर अनोळखी नाक्यावर रात्र काढावी लागते. गोरखपूरहून त्या एका दिवशी सकाळी सहाला निघालात की नऊपर्यंत सोनौलीत पोचता आणि पुढचा अख्खा दिवस हाताशी असतो.

आदल्या रात्री गोरखपूरच्या खोलीत सगळे कागद पलंगावर पसरून मोजा:

- प्रत्येक प्रौढाचा पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र. भारतीयांसाठी हे दोनच बिनधोक. प्रौढांनी निव्वळ आधारवर विसंबू नये.
- १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्यांना आधारसारखं वय आणि ओळख दाखवणारं कार्ड चालतं. १५ ते १८ वयाच्या मुलांकडे पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळख प्रमाणपत्र. हे निघण्याआधी, शाळा चालू असताना घ्या. दिवाळीच्या सुट्टीत शाळेला कुलूप असतं.
- गाडीचं मूळ आरसी, पीयूसी, चालवणाऱ्या दोघांचेही परवाने. मोबाईलमधल्या प्रतीवर भिस्त ठेवू नका.
- विमा. आपली नेहमीची पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. निघण्यापूर्वी एजंटकडून नेपाळसाठी भौगोलिक विस्ताराचं एंडोर्समेंट (पॉलिसीची पुरवणी) जोडून घ्या. थोड्या जादा हप्त्यात ते मिळतं आणि फार कमी लोक घेतात.
- गाडी वडिलांच्या, भावाच्या किंवा फर्मच्या नावावर असेल तर मालकाचं सहीचं संमतीपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत.
- सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे फोटो.

५. भन्सार: मुक्काम ठरलेले असतील तरच हे सोपं

सोनौलीची कमान ओलांडली की नेपाळच्या बाजूला बेलहिया. तिथं गाडीसाठी भन्सार, म्हणजे जकातीची परवानगी काढायची असते. सोबत वाहतुकीचा परवानाही घ्यावा लागतो. ट्रकांची रांग पाहून घाबरू नका, छोट्या गाड्यांना बाजूने पुढे जाता येतं. माणसं गाडीतच बसवा, एकाने खाली उतरून कागद घेऊन थेट कार्यालयाच्या खिडकीवर जावं. कमानीच्या आसपास "मी करून देतो, पाच मिनिटांत" म्हणणारे भेटतील. त्यांच्या हातात मूळ आरसी देऊ नका.

खिडकीवर पहिला प्रश्न येतो: किती दिवस? शुल्क दिवसावर असतं. मुक्कामांची यादी लिहून नेली असेल तर उत्तर तयार असतं. त्यात एक दिवस जादा धरून सांगा. दरड किंवा रस्ता बंद होण्यात दिवस गेला तर मुदत संपलेल्या गाडीला दंड भरावा लागतो, आणि तो त्या एका दिवसाच्या शुल्कापेक्षा नक्कीच महाग पडतो.

आता नीट लक्ष द्या. पावतीवरची तारीख विक्रम संवतातली असते. वर्ष २०८० च्या घरातलं, महिना कार्तिक किंवा मंसिर. मंसिर म्हणजे आपला मार्गशीर्ष. पण त्यांचे महिने सौर असल्याने आपल्या पंचांगाच्या तिथीशी ते जुळत नाहीत, म्हणून घरच्या कालनिर्णयवरून हिशेब करू नका. खिडकीवरच विचारा, "अंग्रेजी तारीख कौन सी?", आणि ती पावतीच्या मागे पेनाने लिहून ठेवा. पावती गाडीतच ठेवा, वाटेत पोलीस ती मागतात.

६. नेपाळमधला पहिला मुक्काम हाकेच्या अंतरावर

सीमा ओलांडल्यावर सगळ्यांना हुरूप आलेला असतो. दुपारचे बारा वाजलेले असतात आणि काठमांडू २७० किलोमीटर दिसत असतं. जाऊ नका. त्या दिवशी लुंबिनीला राहा, जेमतेम पाऊण-एक तासाचा रस्ता. मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभ दुपारी निवांत पाहून होतात, वेगवेगळ्या देशांनी बांधलेले विहार संध्याकाळी ई-रिक्षाने फिरता येतात, आणि आजी-आजोबांना पाय पसरायला वेळ मिळतो. सिमकार्ड घेणं, पैसे बदलणं ही कामंही इथंच उरकतात.

दुसरं कारण रस्त्याचं आहे. बुटवल ते नारायणगढ या ११३ किलोमीटरच्या पट्ट्यात रुंदीकरणाचं काम बरीच वर्षं रखडत चाललं आहे. धूळ, खड्डे आणि मध्ये दाउन्नेचा घाट. तो पट्टा सकाळी ताज्या मनाने घ्यायचा आहे.

७. पुढचे मुक्काम

मला पटलेला क्रम असा: लुंबिनी, सौराहा, काठमांडू, बंदीपूर, पोखरा, तानसेन आणि परत सोनौली. गोल पूर्ण होतो आणि मुग्लिंग-काठमांडू हा एकच मोठा पट्टा दोनदा करावा लागतो.

सौराहा हे चितवन राष्ट्रीय उद्यानाच्या काठावरचं गाव. इथं दोन रात्री द्या. मुलांना गेंडा दिसण्याची चांगली शक्यता असते आणि चालवणाऱ्यांना स्टेअरिंगपासून एक दिवस सुट्टी मिळते. सौराहा ते काठमांडू हा नारायणगढ-मुग्लिंगचा पट्टा सकाळी लवकर घ्या. वाटेत मुग्लिंगच्या पुढे कुरिनटारला मनकामनादेवीचा रोपवे आहे. दर्शन करायचं असेल तर त्या दिवशी काठमांडू विसरा आणि कुरिनटारलाच राहा. दर्शनही करायचं आणि संध्याकाळी नौबिसेचा चढ चढून काठमांडूत शिरायचं, असं दोन्ही जमवायला गेलं की ट्रकांच्या रांगेत अंधार पडतो.

काठमांडूत थमेलमध्ये हॉटेलं भरपूर, पण गल्ल्या अरुंद आणि गाडी लावायची पंचाईत. पशुपतिनाथासाठी गौशाला परिसर बरा: पहाटेच्या दर्शनाला चालत जाता येतं. तीन रात्री धरा आणि गाडी हॉटेलवरच ठेवून टॅक्सीने फिरा. शहरात हॉर्न वाजवायला २०१७ पासून बंदी आहे, आपल्या सवयीला ते जड जातं.

काठमांडू ते पोखरा एका दिवसात करू नका, हा माझा ठाम आग्रह. वाटेतल्या डुम्रेहून आठ किलोमीटर वर बंदीपूर आहे. डोंगरमाथ्यावरचं नेवारी गाव, मुख्य बाजारात गाड्या नाहीत, आणि सकाळी समोर हिमालयाची रांग. गाडी बाजाराबाहेर लावून सामान थोडं चालत न्यावं लागतं, तेवढं आधी विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला पोखरा.

पोखऱ्याहून परतताना सिद्धार्थ महामार्गाने तानसेन. रस्ता सतत वळणांचा आहे, मुलांना उलट्यांची गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास द्या. तानसेनहून खाली बुटवलला उतरताना सिद्धबाबाजवळ दरडींचा टापू आहे, तो सकाळच्या उजेडात पार होतो हा या मुक्कामाचा मोठा फायदा.

८. खोली ठरवताना फोनवर विचारायचं

ऑनलाइन फोटो पाहून बुकिंग करा, पण आदल्या दिवशी फोन केल्याशिवाय त्यावर विसंबू नका. भाव सांगताना तिकडे "एनसी" आणि "आयसी" म्हणतात: नेपाळी रुपये आणि भारतीय रुपये. भारताचे १०० म्हणजे नेपाळचे १६०, हा दर पक्का आहे. "खोली तीन हजार" ऐकलं की लगेच विचारा, एनसी की आयसी? तीन हजार एनसी म्हणजे आपले १८७५. हे आधी स्पष्ट न केल्याने सकाळी बिल देताना बरीच कुटुंबं वाद घालताना दिसतात.

मग गाडी. "पार्किंग आहे" याचा अर्थ रस्त्याच्या कडेला असाही होतो. फाटकाच्या आत आहे का, मोठी गाडी वळते का, चढ किती आहे, हे स्वतंत्रपणे विचारा.

गरम पाणी बऱ्याच ठिकाणी सौर बंबावर असतं. ते संध्याकाळी कढत येतं आणि पहाटे गार. नोव्हेंबरात म्हाताऱ्या माणसांची आंघोळ म्हणूनच संध्याकाळी पोचल्यावर उरकून घ्या, किंवा गीझर आहे का ते विचारा. डोंगरातल्या हॉटेलांना लिफ्ट क्वचितच असते, तेव्हा नाना-मायसाठी तळमजल्याची खोली आणि कमोड मागा. दोन खोल्या शेजारी हव्यात हेही फोनवरच सांगा. पोचल्यावर आधी खोली पाहा, मग सामान उतरवा.

९. मुक्तिनाथ करायचं असेल तर

स्वतःची गाडी पोखऱ्यात ठेवा आणि स्थानिक जीप चालकासह घ्या. बेनीच्या पुढचा रस्ता आपल्या गाडीसाठी आणि आपल्या सवयीसाठी नाही. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना पोखऱ्यातच मिळतो. मंदिर ३,७०० मीटरच्या वर आहे. म्हणून झोपायचं खाली: जाताना एक रात्र तातोपानी किंवा कालोपानी, दुसरी जोमसोम किंवा मार्फा, जे २,७०० मीटरच्या आसपास आहेत. सकाळी वर जाऊन दर्शन घ्या आणि दुपारपर्यंत खाली या, कारण जोमसोमच्या खोऱ्यात दुपारी जोराचा वारा सुटतो. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी जळगावातच डॉक्टरांना विचारून ठरवावं.

१०. पैसे, फोन, जेवण

शंभरच्या भारतीय नोटांचं एक बंडल जवळ ठेवा, त्या सर्वत्र चालतात. मोठ्या नोटांबाबतचे नियम बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी बँकेत विचारा. काही दुकानांत क्यूआरवर यूपीआय चालतं, पण डोंगरात नेटवर्क जातं. फास्टॅग तिकडे चालत नाही. सिमसाठी ओळखपत्र आणि फोटो लागतो. पर्यटक पोलिसांचा नंबर ११४४, रुग्णवाहिका १०२. दोन्ही चालवणाऱ्यांच्या फोनमध्ये घाला.

शाकाहारींनी "शाकाहारी भोजनालय" किंवा "मारवाडी भोजनालय" ही पाटी शोधावी. दाल-भात-तरकारी सगळीकडे मिळते आणि भात-डाळ पुन्हा पुन्हा वाढतात. पण भाकरीची सवय असलेल्यांचं तेवढ्याने भागत नाही. दशम्या पहिले दोन-तीन दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, मेतकूट आणि बिबड्या शेवटपर्यंत पुरतात. बिबड्या भाजून द्यायला हॉटेलवाले सहसा नाही म्हणत नाहीत, हॉटेलच्या खोलीत मात्र शेगडी पेटवू नका.

११. परत येताना

बाहेर पडताना बेलहियाला भन्सारची पावती जमा करून नोंद बंद करून घ्या. घाईत तसंच निघून आलात तर पुढच्या वेळी त्याच गाडीसाठी अडचण येऊ शकते.

परतीला घराची ओढ लागते आणि टप्पे लांबतात. गोरखपूर, वाराणसी आणि मैहर हे मुक्काम तसेच ठेवा. मैहरहून नागपूर गाठल्यावर "आता घर काय, एका दमात" असं वाटतं. हा टप्पा चौपदरी रस्त्याचा आहे, पण आठवड्याहून जास्त दिवस गाडी चालवून झालेली असते. नागपूरहून निवांत निघा, खामगावहून शेगावकडे वळा, दर्शन घ्या, भक्तनिवासात किंवा एखाद्या लॉजमध्ये रात्र काढा. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून निघालात तरी दुपारच्या जेवणाला जळगावात असता.